मागच्या सीटचा इतिहास

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

३ जून २०१४ ची सकाळ बीड जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. गोपीनाथराव मुंडे यांनी केंद्रात ग्रामविकासमंत्री म्हणून शपथ घेऊन जेमतेम आठवडा झाला होता. परळीत त्यांच्या सत्काराची तयारी सुरू होती. दिल्लीत भल्या सकाळी ते विमानतळाकडे निघाले आणि पृथ्वीराज रोड व तुघलक रोड जिथे मिळतात त्या चौकात दुसऱ्या एका मोटारीने त्यांच्या मोटारीला बाजूने धडक दिली. मुंडे मागच्या सीटवर बसलेले होते. मानेच्या मणक्याला आणि यकृताला झालेल्या दुखापतींनी काही वेळातच त्यांचा अंत झाला. पाटोद्यापासून परळीपर्यंत गावोगावची दुकाने त्या दिवशी बंद झाली.

पुढे अनेक शंका घेतल्या गेल्या. केंद्रीय अन्वेषण विभागाने चौकशी केली आणि तो अपघातच होता, असा निष्कर्ष काढला. पण एक साधा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारला नाही. शहरातल्या रस्त्यावर, बंदिस्त मोटारीत, तीही मागच्या सीटवर बसलेला माणूस असा जातो कसा? मागची सीट म्हणजे मानाची जागा. साहेब मागे बसतात, घरातली वडीलधारी मंडळी मागे बसतात, लेकुरवाळ्या बायका मागे बसतात. पुढे धोका आणि मागे सुरक्षित, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे. तो बरोबर की चूक, हे कळायचे असेल तर मोटारीला आजचा आकार कसा आला, त्याचा इतिहास थोडा उलगडून पाहावा लागेल.

सुरुवात आपल्याच एका समजुतीपासून करू. जुन्या मोटारींचा विषय निघाला की हमखास एक वाक्य ऐकू येते : ‘तेव्हाचा पत्रा कसा जाड होता! आताच्या गाड्या म्हणजे नुसते पत्र्याचे डबे.’ ज्यांनी अँबॅसडर, फियाट आणि महिंद्राची जीप पाहिली आहे त्यांना हे मनापासून पटते. जीप झाडावर आदळली तर झाडाची साल निघायची, जीपचा बंपर थोडा वाकायचा, बस. मग ती गाडी मजबूत नव्हती का?

गाडी मजबूत होती. प्रश्न आतल्या माणसाचा होता. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये या समजुतीचीच परीक्षा घेतली. १९५९ सालची शेव्हरोले बेल एअर ही लांबरुंद, भरभक्कम दिसणारी मोटार आणि २००९ सालची शेव्हरोले मालिबू या दोघींची समोरासमोर टक्कर घडवली. दोन्ही गाड्यांत माणसाच्या मापाचे पुतळे बसवले होते. जुन्या गाडीत स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड थेट चालकाच्या अंगावर आले. तिथे खरा माणूस असता तर वाचला नसता. नव्या गाडीचे नाक पार चेपून गेले, पण चालकाची जागा जशीच्या तशी राहिली. त्या पुतळ्याच्या पायाला काय ती दुखापत नोंदली गेली. ही पन्नास वर्षांची प्रगती जाड पत्र्यातून आलेली नव्हती. गाडीचा कोणता भाग मोडू द्यायचा आणि कोणता नाही, हे ठरवण्यातून ती आली होती.

यामागचे गणित शेतकऱ्याला समजायला सोपे आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अचानक थांबली तर आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. हा वेग म्हणजे सुमारे दहा मीटर, म्हणजे साडेपाच परस खोल कोरड्या विहिरीच्या तळाशी पोहोचतानाचा वेग. ताशी ६४ किलोमीटर असेल तर विहीर जवळजवळ नऊ परस होते. एवढ्या उंचीवरून पडल्यावर माणूस वाचेल की नाही, हे तळाशी काय आहे यावर ठरते. खाली खडक असेल तर गोष्ट वेगळी आणि कडब्याची गंजी असेल तर वेगळी. कडबा काय करतो? तो दबतो आणि माणसाला थांबायला थोडे अंतर देतो. साठ किलोचा माणूस ताशी ५० च्या वेगातून साठ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याच्या शरीरावर सरासरी एक टन वजनाइतका जोर येतो. तोच माणूस पाच सेंटिमीटरमध्ये थांबला, तर हा जोर बारा टनांच्या घरात जातो. माणूस तोच आणि वेगही तोच. फरक फक्त थांबायला मिळालेल्या अंतराचा.

हा विचार पहिल्यांदा नीट मांडणाऱ्यांत ह्यू डिहेवन यांचे नाव घेतात. पहिल्या महायुद्धात वैमानिकाचे प्रशिक्षण घेत असताना, १९१७ मध्ये त्यांचे विमान दुसऱ्या विमानावर आदळून कोसळले. ते वाचले, पण पट्ट्याच्या बकलामुळे पोटात गंभीर इजा झाली. अपघात झाला म्हणजे माणूस मरणारच, हे त्यांना मान्य होईना. १९४२ मध्ये त्यांनी उंच इमारतींवरून पडूनही जगलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडणे माणसाला मारत नाही, थांबणे कसे होते त्यावर सारे ठरते, हा त्याचा सारांश. माणसाला गाडीत नाजूक मालासारखे नीट बांधून ठेवले पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. बालाघाटातली सीताफळे मुंबईला पाठवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पेटी घट्ट हवी, आत पाला-गवत हवे आणि फळ पेटीत हलता कामा नये. तिन्ही गोष्टी हव्यात. पेटी कितीही भक्कम असली आणि फळे आत सुटी ठेवली, तर ती एकमेकांवर आपटून फुटणारच.

आधुनिक मोटारीची सुरक्षितता याच तीन गोष्टींवर उभी आहे.

पहिली गोष्ट पेटी आणि तिच्या बाहेरचे गवत. मर्सिडीज-बेंझमधील अभियंता बेला बारेनी यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी एका कल्पनेचे पेटंट घेतले. मोटारीचे तीन भाग करायचे. मधला, माणसे बसण्याचा भाग शक्य तितका कणखर ठेवायचा आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम असा करायचा की धडकेत तो घडीघडीने चुरगळावा. १९५९ मध्ये या तत्त्वावर बांधलेली मर्सिडीज बाजारात आली. अपघातानंतर गाडीचे नाक पार चेपलेले दिसते तेव्हा लोक हळहळतात. पण त्या नाकाने आपले काम केलेले असते. ते स्वतः मोडते आणि माणसाला अर्धा-पाऊण मीटर अंतर मिळवून देते.

दुसरी गोष्ट फळ बांधून ठेवण्याची. त्याच १९५९ साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीत नील्स बोहलीन यांनी तीन टोकांचा सीटबेल्ट तयार केला. बोहलीन यापूर्वी लढाऊ विमानांतून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत होते. नुसत्या कमरेच्या पट्ट्याने पोटाला इजा होते आणि डोके पुढे आपटते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी एक पट्टा कमरेच्या हाडांवरून आणि एक छातीवरून तिरका नेला आणि दोन्ही एका बाजूला खाली अडकवले. एका हाताने लावता येईल इतका तो सोपा होता. व्होल्वोने हे पेटंट सर्व कंपन्यांना खुले ठेवले. आज जगातल्या बहुतेक प्रत्येक मोटारीत दिसणारा पट्टा तोच आहे.

तिसरी गोष्ट आतल्या गवताची, म्हणजे एअरबॅगची. धडक बसताच गाडीतील संवेदक ती ओळखतात आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या तीन-चार पट वेळात पिशवी वायूने भरते. आपली पापणी मिटायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. मात्र एअरबॅग हे पूरक साधन आहे. आतला माणूस पट्ट्याने बांधलेला आहे, असे गृहीत धरूनच ती बसवलेली असते. पट्टा न लावलेला माणूस पिशवी भरत असतानाच तिच्यावर जाऊन आदळला, तर पिशवीनेच इजा होऊ शकते.

या कल्पना १९६० पर्यंत सगळ्या उपलब्ध होत्या. तरी त्या मोटारींत आपोआप आल्या नाहीत. सुरक्षितता विकली जात नाही, असा त्या काळी कारखानदारांचा समज होता. १९६५ मध्ये अमेरिकेत राल्फ नाडर या तरुण वकिलाने मोटारींच्या धोकादायक रचनेवर पुस्तक लिहिले. त्याने एवढी खळबळ माजली की पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, अमेरिकेने मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा केला. अपघाताला फक्त चालक जबाबदार, हा विचार तिथे बदलला. चालक चुकणारच, तेव्हा चुकीची शिक्षा मरण असू नये अशी गाडी बनवा, हा नवा विचार आला.

योगायोग असा की त्याच १९६६ साली पुण्यात भारतीय मोटारवाहन संशोधन संस्था, म्हणजे एआरएआय, स्थापन झाली. कोथरूडच्या टेकडीवरची ही संस्था पुढे वाहनांच्या चाचण्या आणि मानके यांचे देशातील प्रमुख केंद्र झाली. पण पुढची तीसेक वर्षे आपल्याकडे मोटारीच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आलाच नाही. त्याचे कारण बाजारात होते. मोटारींची मोजकी नावे, वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी आणि नंबर लागला की पेढे वाटायचे. गाडी मिळते आहे हेच भाग्य. तिच्या आत माणूस किती सुरक्षित आहे, हे विचारणार कोण आणि कोणाला?

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियरची फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, आठवून पाहा. पुढे एक सलग बाक, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ, समोर पत्र्याचा डॅशबोर्ड. पाठ टेकायला सीट होती, पण डोके टेकायला काही नव्हते. मागून धक्का बसला की मान झटक्याने मागे जाणार. स्टिअरिंगचा दांडा म्हणजे चालकाच्या छातीसमोर रोखलेला भालाच. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस धडकेत आत दुमडणारा दांडा आला. आपल्या रस्त्यांवरच्या जुन्या गाड्यांना तो माहीत नव्हता. जीपची गोष्ट आणखी वेगळी. ती मुळात लष्करासाठी बनवलेली. शिडीसारख्या जाड पोलादी चौकटीवर बसवलेली, कुठेही जाणारी आणि कोणत्याही गावात दुरुस्त होणारी. आपल्या डोंगराळ तालुक्यात रस्ते नव्हते तेव्हा डॉक्टर, निवडणुकीच्या पेट्या आणि वऱ्हाड जीपनेच पोहोचवले. तिचे उपकार आहेतच. पण जी चौकट वाकत नाही, ती धडकेचा सगळा जोर आतल्या माणसांवर सोडते.

पुढे जीपच्या आणि ट्रॅक्सच्या मागच्या भागात समोरासमोर दोन बाकडी आली. काळी-पिवळी म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या गाड्यांनी मराठवाड्याच्या प्रवासाची गरज भागवली. मांजरसुंबा, जामखेड, आष्टी, जिकडे एसटी वेळेवर मिळायची नाही तिकडे ही गाडी मिळायची. त्या आडव्या बाकड्यांवर बसलेल्यांसाठी मात्र पट्टा नव्हता आणि मागचा दरवाजा कितीदा उघडाच असायचा. जगातल्या अभियंत्यांनी पुढच्या सीटवरच्या माणसासाठी जे पन्नास वर्षे घडवले, त्यातले काहीच या बाकड्यांपर्यंत आले नाही.

कायद्याचा प्रवासही पुढच्या सीटकडून मागच्या सीटकडे झाला. १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि १९८९ चे केंद्रीय नियम आले. १९९० च्या दशकात पुढच्या सीटना पट्टे आले, मग नव्या शतकाच्या आरंभी मागच्या, समोर तोंड असलेल्या सीटनाही पट्ट्यांची तरतूद झाली. मागे बसणाऱ्याने पट्टा लावलाच पाहिजे, असे नियम १३८ सांगतो. म्हणजे २०१४ मध्ये हा नियम होता. फक्त तो कोणी पाळत नव्हते आणि कोणी विचारतही नव्हते. मुंडे यांच्या निधनानंतर तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी जाहीरपणे हेच बोलून दाखवले होते की, मागचा पट्टा शोभेचा आहे अशा गैरसमजापायी आपण एक मित्र गमावला.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. बाजूने बसणारी धडक ही सर्वांत अवघड. समोरच्या धडकेत गाडीच्या नाकाचे हातभर अंतर तरी मिळते. बाजूला मात्र माणूस आणि समोरून येणारी गाडी यांच्यामध्ये असते ते फक्त एक दार, म्हणजे वीतभर जागा. पट्टा माणसाला जागेवर धरून ठेवतो, पण दाराचे काम दारानेच करावे लागते. त्यासाठी दारात आडव्या पोलादी पट्ट्या, भक्कम खांब, बाजूच्या एअरबॅग हव्यात. २०१४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारींना संपूर्ण गाडीची बाजूची धडक-चाचणी सक्तीची नव्हती.

२०१४ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे. त्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात बनणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या मोटारींच्या धडक-चाचण्यांचे निकाल दिल्लीत जाहीर केले. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशाच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. त्यानंतर पोलोने एअरबॅग नसलेली गाडी विकणे बंद केले. एअरबॅग असलेल्या पोलोला चार तारे मिळाले. २०१६ मध्ये आपल्या भागात मानाची समजली जाणारी स्कॉर्पिओही, एअरबॅग नसलेल्या रूपात, शून्यावर आली. ज्या गाडीकडे लोक तिच्या धिप्पाड अंगाकडे पाहून आकर्षित होत होते, तिच्याबद्दलचा हा निकाल बराच काही शिकवणारा होता.

मग नियमांची गती वाढली. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या नमुन्याच्या मोटारींना समोरची आणि बाजूची धडक-चाचणी सक्तीची झाली. ऑक्टोबर २०१९ पासून ती सर्व मोटारींना लागू झाली. एप्रिल २०१९ पर्यंत सर्व नव्या मोटारींत चाके न अडकू देणारे ब्रेक, म्हणजे एबीएस, आले. जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, पुढच्या दोन्ही सीटच्या पट्ट्यांचा गजर, वेगाचा इशारा आणि मागे घेताना अडथळा सांगणारे संवेदक आवश्यक झाले. २०२१ च्या अखेरीस पुढे बसलेल्या प्रवाशाचीही एअरबॅग आली. १ सप्टेंबर २०१९ पासून पट्टा न लावल्यास एक हजार रुपये दंड झाला. ही यादी काळजीपूर्वक वाचली तर दिसेल की, पहिल्यांदा चालक, मग त्याच्या शेजारचा, आणि मागचा प्रवासी शेवटी.

या सगळ्या बदलांचे कारखाने आणि प्रयोगशाळा आपल्यापासून फार दूर नाहीत. टाटा मोटर्सने इंडिका घडवण्याच्या काळात, १९९० च्या दशकात, पुण्यात धडक-चाचणीची सोय उभी केली. एआरएआयची धडक-चाचणीची प्रयोगशाळा चाकणला आहे. तिथली चाचणी पाहणाऱ्याला ती निर्दयी वाटेल. नवीकोरी गाडी दोरखंडाने ओढत आणून एका अडथळ्यावर आदळवतात. अडथळा मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या ॲल्युमिनियमचा असतो, म्हणजे तो समोरून येणाऱ्या गाडीसारखा दबतो. गाडीची पूर्ण रुंदी आदळत नाही, चालकाच्या बाजूची चाळीस टक्केच आदळते, कारण रस्त्यावरच्या बहुतेक टकरी अशाच अर्धवट होतात. आत बसलेल्या पुतळ्यांच्या डोक्यात, मानेत, छातीत, मांड्यांत मोजमापाची यंत्रे असतात. समोरच्या धडकेसाठी वापरला जाणारा नेहमीचा पुतळा मध्यम बांध्याच्या पुरुषाचा, सुमारे ७८ किलोचा. त्याने जे सोसले ते आलेखावर उमटते आणि मग अभियंते ठरवतात की अमुक खांब जाड करायचा, अमुक ठिकाणी मुद्दाम खाच ठेवायची, म्हणजे लोखंड तिथेच दुमडेल.

पाटोद्याहून जामखेड, नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, करत पुण्याला जाताना रांजणगाव लागते. तिथे तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. भारतीय मोटारीला प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी मिळालेले ते पहिले पाच तारे. २०२० मध्ये नाशिकला बनणाऱ्या महिंद्रा एक्सयूव्ही ३०० ला आणि २०२२ मध्ये चाकणच्या स्कॉर्पिओ-एनलाही पाच तारे मिळाले. सहा वर्षांपूर्वी शून्यावर आलेल्या नावाचीच ही नवी गाडी. म्हणजे हे आपल्याकडे करता येत नव्हते असे नाही. विचारणारा ग्राहक आणि विचारणारा कायदा नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये भारत एनकॅप ही आपली स्वतःची तारांकन पद्धत जाहीर झाली. तिच्यात समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरने आणि बाजूची ५० ने घेतात. खांबावर बाजूने आदळण्याचीही चाचणी असते.

नवी मोटार डोळसपणे पाहिली तर तिच्या अंगावर हा सारा इतिहास लिहिलेला दिसतो. काचेच्या दोन्ही कडांचे खांब पूर्वीपेक्षा जाड का? गाडी उलटली किंवा आदळली तरी छत खाली येऊ नये म्हणून. बॉनेट उंच आणि फुगीर का? पादचाऱ्याचे डोके त्यावर आपटले तर खालच्या कठीण इंजिनाला लागण्याआधी पत्र्याला दबायला जागा मिळावी म्हणून. लोखंडी बंपर जाऊन प्लॅस्टिकचा का आला? त्याच्या आत धडक शोषणारा भाग असतो आणि बाहेरून तो पायाला कमी लागतो म्हणून. समोरची काच फुटली तरी तुकडे अंगावर येत नाहीत, कारण तिच्या दोन थरांत चिकट पापुद्रा असतो. डोके टेकायची उशी आरामासाठी वाटते, पण ती मानेसाठी आहे. या रचनेची एक किंमतही आहे. जाड खांबामुळे वळणावर चालकाला दिसणारी जागा कमी झाली. सुरक्षिततेच्या बदल्यात काही द्यावे लागते, हे अभियंत्यांनाही चुकत नाही.

अशा गाडीच्या पुढे आपण जेव्हा बाजारातून लोखंडी ‘बुल गार्ड’ आणून बसवतो, तेव्हा काय करतो, ते लक्षात घ्या. जो भाग हळूहळू चुरगळायला हवा त्याला आपण आडवा नळ ठोकतो. धडकेचा जोर थेट चौकटीवर जातो, एअरबॅगच्या संवेदकांचा हिशेब चुकू शकतो आणि समोरच्या पादचाऱ्याला किंवा दुचाकीस्वाराला लोखंड लागते. म्हणूनच डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितले. रुबाबासाठी विकत घेतलेली ही वस्तू अभियंत्याचे काम पुसून टाकते.

आता पुन्हा मागच्या सीटकडे येऊ. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. गाडी मर्सिडीज, म्हणजे बारेनींच्याच कंपनीची. पुढे बसलेले दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले दोघे, मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी, गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. महागड्या गाडीने आपले काम केले नाही असे म्हणता येणार नाही. पेटी भक्कम होती, गवत होते, फळ मात्र सुटे होते. मागे सुटा बसलेला माणूस स्वतः तर आपटतोच, शिवाय पुढच्या सीटच्या पाठीवर आदळून पुढच्यालाही चिरडू शकतो. मांडीवर दहा किलोचे बाळ घेतलेली आई म्हणते, मी घट्ट धरते ना. पण जोराच्या धडकेत ते बाळ क्षणभर दोन-अडीचशे किलोंचे होते. आईचे हात कितीही मायेचे असले तरी ते वजन पेलत नाहीत. म्हणून बाळासाठी वेगळी, गाडीला घट्ट बसणारी खुर्ची असते.

मिस्त्री यांच्या अपघातानंतर मागच्या पट्ट्याची चर्चा पुन्हा सुरू झाली आणि मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून सर्वांनी पट्टा लावावा, असा आदेश पोलिसांनी काढला. एप्रिल २०२५ पासून बनणाऱ्या नव्या मोटारींत मागच्या सीटचा पट्टा लावला नाही तरी गजर होण्याची तरतूद आली. म्हणजे बोहलीन यांच्या पट्ट्यानंतर ६६ वर्षांनी आपल्या मागच्या सीटची गाडीने स्वतः विचारपूस केली. आणि आपण काय केले? गजर बंद करणारी नुसती क्लिप बाजारातून आणून खाचेत खुपसली. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अशा क्लिपा विकणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांना त्या काढून टाकण्याचे आदेश द्यावे लागले.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यात ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी होते. म्हणजे जवळजवळ निम्मे. प्रवाशाचा धोका चालकापेक्षा कमी, हे या आकड्यांत कुठे दिसते?

अर्थात मोटारीच्या आतल्या सुरक्षिततेचा हा इतिहास सगळ्यांचा इतिहास नाही. त्याच अहवालात मृतांमध्ये दुचाकीवरचे ४४.५ टक्के आणि पादचारी १९.५ टक्के आहेत. आपल्या तालुक्यातून दर दिवाळीच्या आसपास ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांडीकुंडी आणि पोराबाळांसह, कारखान्यांकडे निघतात. त्या ट्रॉलीला चुरगळणारे नाक नाही, पट्टा नाही, एअरबॅग नाही. मागची लाल चकचकीत पट्टी आणि चालू दिवा एवढेच त्यांचे सुरक्षा अभियांत्रिकीतले धन, आणि तेही कितीदा नसते. मोटारीच्या पुढच्या सीटवरून सुरू झालेला हा प्रवास जसा मागच्या सीटपर्यंत आला, तसा तो या ट्रॉलीपर्यंत यायला हवा. तो आपोआप येणार नाही. पुढच्या सीटसाठीही तो आपोआप आला नव्हता. कोणीतरी प्रश्न विचारला, कोणीतरी आकडे मांडले, मग नियम झाला आणि मग लोखंडाचा आकार बदलला.

तोपर्यंत आपल्या हातात असलेले एक काम आहे. जुनी मोटार घेताना आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर दाबून पाहतो, पत्र्यावर बोट वाजवतो. त्याबरोबर मागची सीट उचलून पाहावी. बहुतेक गाड्यांत मागच्या पट्ट्यांची बकले नव्या कव्हराखाली दडपलेली असतात. काही गाड्यांत मालकाला ती आहेत हेच माहीत नसते. ती वर काढावीत, पट्टा झटक्याने ओढल्यावर अडकतो का पाहावे, आणि पाटोद्याहून कुठेही निघताना, मग ते मांजरसुंब्यापर्यंतच का असेना, मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आधी पट्टा लावायला सांगावा. त्यांचा मान राखण्याची हीसुद्धा एक रीत आहे.